परड्यात पडलेला कोळी

आक्काच्या मोगऱ्यावर कोळी, ती पानं वाळवणारी बारीक कीड, माझ्यामुळं पडला. हे बोलायला हवं होतं तेव्हा मी बोलले नाही, आणि बोलले तेव्हा त्याचा कुणाला फारसा उपयोग उरला नव्हता. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

माझं माहेर निपाणीचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या वखारीत कामाला होते. मराठी चौथी झाल्यावर मी काही वर्षं आईच्या हाताखाली राहिले आणि सतराव्या वर्षी मला शहापुरातल्या एका विणकराच्या घरी दिली. शहापूर बेळगावला अगदी लागून, पण तेव्हा ते संस्थानात होतं. सासरच्या पुढच्या खोलीत दोन माग, मध्ये स्वयंपाकघर आणि मागं परडं. माणसं चारच. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, माझे यजमान, त्यांची थोरली बहीण आणि मी. थोरल्या बहिणीला सगळे आक्का म्हणत. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच तिचा नवरा तापानं गेला आणि ती माहेरी परत आली, ती तिथलीच झाली. मी आले तेव्हा ती तिशीच्या आत होती. दिवसभर रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, आणि सकाळ-संध्याकाळ परड्यात असायची.

परडं तिचं होतं, असं कुणी म्हणत नसे, पण ते तिचंच होतं. विहिरीच्या कडेला घेवड्याचा मांडव, त्याच्या अलीकडं वांग्याचे दोन वाफे, आणि तुळशीच्या दोन्ही अंगांना मोगऱ्याची सात झुडपं. आमच्या गल्लीतल्या कन्नड बोलणाऱ्या बायका त्याला मल्लिगे म्हणायच्या आणि चैत्र लागला की परडी घेऊन दारात उभ्या राहायच्या. आक्का कळ्या खुडून प्रत्येकीच्या परडीत घालायची. स्वतःच्या केसात तिनं कधी एक कळी माळली नाही, माळायची सोयही नव्हती. ती कळ्या देताना बायका परडी पुढं करत, पण तिच्या हाताला हात लागू देत नसत. हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तेव्हा तसंच चालायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्याला मी माहेरी गेले. आमच्या घरामागं एका व्यापाऱ्याचा बंगला होता आणि तिथला म्हातारा माळी आप्पांच्या ओळखीचा. परत निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मला गुलाबाची एक कुंडी दिली. काळपट लाल, हाताच्या तळव्याएवढी फुलं यायची त्याला. शहापुरात आमच्या गल्लीत तसला गुलाब कुणाकडंच नव्हता. माळ्यानं पान उलटून मला मागची बाजू दाखवली. पानाच्या शिरांजवळ बारीक पिवळट ठिपके होते आणि कोळिष्टकासारखा एखादा धागा.

"घरी न्हेल्यावर पंधरा दिस ह्याला एकटंच ठेव," तो म्हणाला. "रोज सकाळी पानं खालनं धू. उन्हाळ्यात कोळी असतोय, डोळ्याला दिसत न्हाय. दुसऱ्या झाडावर गेला तर मग आवरायचा न्हाय बघ."

मी व्हय म्हटलं. सर्व्हिस मोटारीत पोत्यात गुंडाळलेली ती कुंडी मांडीवर घेऊन बसले होते. संकेश्वर मागं पडलं, रस्त्याची लाल धूळ पानांवर बसत राहिली आणि मी पदरानं ती पुसत राहिले. माझ्या मनात एकच होतं. ही कुंडी तुळशीजवळ ठेवायची, म्हणजे परड्यात येणारी प्रत्येक बाई विचारेल हा गुलाब कुणी आणला. त्या घरात तोवर माझं म्हणावं असं काहीही नव्हतं. माळ्याचं बोलणं मी विसरले असं मला म्हणता आलं असतं, तर बरं झालं असतं. मी विसरले नव्हते. पंधरा दिवस कुंडी विहिरीमागं ठेवली तर ती कुणाला दिसणार नाही, एवढाच विचार मी केला. घरी पोचल्याबरोबर ती तुळशीशेजारी, मोगऱ्याच्या दोन झुडपांच्या मधे ठेवली. आत्याबाईंनी कौतुक केलं. आक्कानं गुलाबाकडं पाहिलं, एक पान बोटांत धरलं, सोडलं आणि विचारलं, "धुऊन आणलीस का गं?" मी व्हय म्हटलं. माळ्याला व्हय म्हटलं ते पहिलं खोटं, हे दुसरं.

दहा-बारा दिवसांनी घेवड्याची पानं फिकी पडायला लागली. वरून पाहिलं तर सुईच्या टोकानं टोचल्यासारखे पांढुरके ठिपके. मग वांग्याची पानं तशी झाली, करडी, धूळ बसल्यासारखी, पण पुसून जाईना. चैत्र संपता संपता मोगऱ्याच्या शेंड्यांवर जाळी दिसायला लागली, इतकी बारीक की सकाळी दवाचे थेंब अडकले तरच कळायची. कळ्या धरायच्या आणि बोंडातच तपकिरी होऊन गळायच्या. आक्का रोज कळश्यांनी पाणी घालत होती, कळ्या मात्र रोज कमी होत होत्या.

शेजारच्या मावशींच्या लेकीचं लग्न वैशाखात होतं. गजरे आणि मुंडावळ्यांची फुलं आमच्या परड्यातून द्यायची, हे माघापासून ठरलेलं. लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा मावशी परड्यात आल्या आणि मोगऱ्यासमोर उभ्या राहिल्या. सातही झुडपं मरगळून गेली होती. मूठभर कळ्या निघाल्या असत्या कशाबशा. आत्याबाईही मागोमाग आल्या. आक्का विहिरीवर कळशी भरत होती. मग मावशी आत्याबाईंकडं वळून, आक्काला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या लग्नाची फुलं हिच्या हातनं घ्यायची मी ठरवली, चूक माझीच. ज्या हाताला बांगडी न्हाय, त्या हाताचं पाणी झाडाला कसं मानवंल?"

आत्याबाई वाईट नव्हत्या. पण गल्लीला भ्यायच्या. त्यांनी विहिरीकडं न बघताच सांगितलं, "उद्यापासनं तू परड्यात येऊ नगंस. पाणी सुनबाई घालंल."

मी तुळशीपाशी उभी होते. गुलाब माझ्या पायाशी होता. पानं उलटून बघायची गरज नव्हती, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत जाळ्यानं वेढलेला होता तो. सगळ्यांच्या आधी तोच वाळायला लागला होता, पण तो नवा आणलेला, उन्हानं गेला असेल असं सगळ्यांना वाटलं. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. आक्कानं कळशी विहिरीच्या काठावर ठेवली, पदरानं हात कोरडे केले आणि माझ्याकडं एकदा बघून आत गेली. मी कळशी उचलली आणि मोगऱ्याला पाणी घातलं. माझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्या वाजल्या ते मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवसापासून परडं माझ्याकडं आलं. आक्का मागच्या दाराकडं पाठ करून रहाट फिरवायची. मी मनाची समजूत घातली की झाडं बरी केली म्हणजे झालं, मग कुणाच्या हाताचा प्रश्नच उरणार नाही. आप्पांना पत्र टाकलं. निपाणीत किडीला तंबाखूशिवाय दुसरं औषध कुणाला सुचत नाही. आप्पांनी येणाऱ्या माणसाबरोबर तंबाखूच्या देठांचं गाठोडं पाठवलं. मी ते उकळलं, गाळलं, त्यात कपड्याचा साबण विरघळवला आणि कुंच्यानं सगळ्या झाडांवर शिंपडलं. घरभर वास. आत्याबाईंचं डोकं दुखायला लागलं. पण घेवड्यावर थोडा मावाही होता, तो दोन दिवसांत काळा पडून गळाला आणि मला वाटलं, जिंकलं आपण.

मावा गेला, पण पानांच्या मागं जे होतं त्याला काही झालं नाही. उलट आठवड्याभरात जाळी दुप्पट झाली. मोगऱ्याखाली मातीत मला मोहरीएवढे काळे भुंगे मरून पडलेले दिसले, आणि मसुराच्या डाळीसारखे लाल, काळ्या ठिपक्यांचे किडेही. तेच ते कोळी, असं समजून मी ते केरसुणीनं गोळा केले आणि आत्याबाईंना दाखवले. त्यांनी मला शाबासकी दिली.

ज्येष्ठ लागायच्या सुमारास मोगऱ्याची दोन झुडपं वाळून काटक्या झाली. त्या दुपारी यजमान सूत आणायला गेले होते आणि आत्याबाई झोपल्या होत्या. मी आत येऊन आक्काच्या रहाटापाशी बसले. काय करू, असं विचारलं. ती कांडी भरून होईपर्यंत थांबली.

"एक पान आण," ती म्हणाली.

मी वांग्याचं पान आणलं. तिनं ते उलटं करून आपल्या पांढऱ्या लुगड्यावर झटकलं. लुगड्यावर तांबूस ठिपके पडले, खसखशीहून बारीक. ते चालायला लागले. मी आयुष्यात पहिल्यांदा ते पाहिले. एकानं पदराचा काठ गाठला तेव्हा तिनं अंगठ्यानं तो चिरडला आणि तिथं लालसर ओरखडा उमटला.

"हा कोळी. तंबाखूनं मरत न्हाय ह्यो," ती म्हणाली. "तू ते काळं भुंगं मारलंस, ते ह्याला खात हुतं."

मी विचारलं, तुम्हाला हे कधीपासून ठावं. तिनं दाराबाहेर, तुळशीच्या दिशेनं बघितलं.

"गुलाबापासनं सुरू झालं. पयल्या आठवड्यातच दिसलं मला. रोज पानं धूत हुतो, पण तू ते झाड हलवलं न्हाईस."

"मग तुमी बोलला का न्हाईसा?" मी विचारलं.

"तू नवी हायस. ह्या घरात अजून लई वर्षं काढायची हायत तुला," ती म्हणाली. "माझ्या नावावर एक जास्त झालं तर काय फरक पडतोय."

हे ती रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती ते अगदी सहज, सुताचा तुटलेला धागा जोडताना बोलावं तसं म्हणाली. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले आणि म्हणाली, आधी गुलाब उपट, मुळासकट जाळ, आणि त्या कुंडीतली मातीही उन्हात पसर.

त्या दिवसापासून ती उंबऱ्याच्या आत बसून सांगायची आणि मी परड्यात करायची. जास्त लागलेली पानं खुडून, टोपलीत झाकून नेऊन चुलीत घालायची, वाऱ्यावर न्यायची नाहीत. सकाळी ऊन चढायच्या आत पाणी पानांच्या खालून मारायचं. ते मारता यावं म्हणून तिनं पितळेच्या तांब्याला फडकं बांधून धार कशी करायची ते दाखवलं. परड्याची माती सुकू द्यायची नाही, आणि गल्लीच्या बाजूचं कुंपण पाण्यानं भिजवायचं, कारण बैलगाड्यांची धूळ पानांवर बसली की कोळ्याला फावतं. पण खरी युक्ती तिची स्वतःची होती. सुताला लावायची खळ उरायची, ती आक्का पाण्यात अगदी पातळ करायला सांगायची, पेजेसारखी. सुताचा जुना कुंचा घेऊन ती मी पानांच्या मागच्या बाजूला फासायची. खळ वाळली की तिची पापुद्री धरायची, कोळी आणि त्याची अंडी तिच्यात अडकायची, आणि दुसऱ्या दिवशी पाण्यानं ती सगळी पापुद्री धुऊन निघायची. तीन दिवसांआड हे करायचं, म्हणजे अंड्यातून बाहेर आलेला कोळी पुन्हा अंडी घालायच्या आत सापडतो, असा तिचा हिशेब होता. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा खळ सांडून भिजलेलं पान तिनं मागं कधीतरी बघितलं होतं, तेवढंच.

पाच झुडपं जगली. आषाढात त्यांना कोवळी फूट आली. आत्याबाईंनी गल्लीत सांगितलं की सुनेचा हात गुणाचा आहे. शेजारच्या मावशींनी माझ्या हातावर साखर ठेवली. मी ती खाल्ली.

आक्काला परड्यात पुन्हा बोलवावं असं कुणाला सुचलं नाही आणि मीही सुचवलं नाही. सुचवायचं म्हणजे का ते सांगावं लागलं असतं. मी रोज उद्या सांगीन म्हणायची. पुढच्या वर्षी जवळच्याच वडगावात आत्याबाईंच्या भावाकडं मागाला कांड्या भरायला माणूस हवं झालं तेव्हा आक्का आपण होऊन गेली. जाताना तिनं एक ट्रंक नेली. टांगा वळणावर दिसेनासा झाला आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला जितकी लाज आहे तितकी गुलाबाचीही नाही.

मी सांगितलं ते तीन वर्षांनी. माझी पहिली मुलगी रांगायला लागली होती. आत्याबाई तापानं आठ दिवस अंथरुणावर होत्या, मी त्यांचं केलं, आणि बरं वाटायला लागल्यावर त्या माझा हात धरून म्हणाल्या की तू आलीस म्हणून परडं वाचलं, न्हाईतर माझ्या लेकीच्या पायगुणानं सगळं गेलं असतं. त्या हातातून हात सोडवून घेऊन मी सगळं सांगितलं. माळ्याचं बोलणं, तुळशीजवळची कुंडी, धुऊन आणलीस का म्हणून आक्कानं विचारलं ते, मावशी, लुगड्यावर चालणारे कोळी, खळ. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून ऐकत होत्या.

"तिला ठावं हुतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"दोघींनी मिळून मला खुळी केलीसा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि मी माझ्या पोटच्या पोरीला परड्यातनं काढली."

अंगात पुरतं बळ आलेलं नसताना दोन दिवसांनी त्या वडगावला चालत निघाल्या. मी मुलीला कडेवर घेऊन बरोबर गेले. मामांच्या, म्हणजे आत्याबाईंच्या भावाच्या, घरामागं लांबट परडं होतं आणि ते पाहून मी दारातच थांबले. शेवंती, मोगरा, घेवडा, वांगी, सगळं हिरवंगार. विहिरीपलीकडं भिंतीच्या सावलीत पाच-सहा कुंड्या वेगळ्या मांडून ठेवल्या होत्या. मामी म्हणाल्या की वडगावातल्या बायका झाड आजारी पडलं की आक्काकडं आणून ठेवतात, आणि नवं झाड कुणी आणलं तरी ती पंधरा दिवस त्याला इकडच्या झाडांत येऊ देत नाही. तिथं कुणी तिच्या हाताबद्दल काही बोलत नव्हतं. तिथं माझ्यासारखी कुणी नव्हती, एवढंच त्याचं कारण असावं.

आक्का खाली बसून वांग्याची पानं उलटून धूत होती. आत्याबाई तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. चल घरी, म्हणाल्या. आक्कानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तिला कळलं. मग ती म्हणाली, "आता इथली झाडं कोण बघंल?" आत्याबाईंनी माफी मागितली नाही, त्यांना ते जमणारं नव्हतं. त्यांनी विहिरीवरची कळशी उचलली आणि आक्का पान धरेल तसं त्यावर पाणी घालत गेल्या. दोघींनी पूर्ण वाफा धुऊन संपवला. मी मुलीला घेऊन ओट्यावर बसून होते. माझ्या मुलीनं आक्काकडं जायला हात पसरले तेव्हा आक्कानं आधी ओले हात पुसले आणि मग माझ्याकडं बघितलं, घेऊ का म्हणून विचारल्यासारखं. मी उठून मुलगी तिच्या मांडीवर ठेवली.

त्यानंतर आक्का सणावाराला आमच्याकडं येऊ लागली. राहायला मात्र ती वडगावातच राहिली. यजमानांनाही मी सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की तेव्हाच सांगायचं होतंस. घरात मग त्या विषयाचा काच उरला नाही.

पण गल्लीत मी कधीच काही बोलले नाही. काही वर्षांनी एका नागपंचमीला आक्का आलेली होती आणि आत माझ्या मुलीची वेणी घालत होती. शेजारच्या मावशी फुलं न्यायला आल्या. आता त्या थकल्या होत्या, त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावून हलक्या आवाजात विचारलं की ती आलीय काय. आलीय म्हटल्यावर म्हणाल्या, "फुलांना हात लावू देऊ नगंस गं तिला. तू कष्टानं वाचवलंस सगळं."

आत्याबाई तोवर वारल्या होत्या, मला अडवणारं घरात कुणी नव्हतं. एका म्हातारीला दोन वाक्यं सांगायची होती. मी त्यांच्या परडीत कळ्या घातल्या आणि बरं म्हटलं. आत वेणी घालणं थांबलं होतं की चालू होतं ते मी वळून पाहिलं नाही. त्या श्रावणात मावशी गेल्या.